भिंतीआडची शाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या पोडावरून, तांड्यावरून किंवा पालावरून लहान मूल आईबापांपासून दूर जाते ते मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट वसतिशाळेची. गावात शाळा नाही, अथवा आहे ती चार इयत्तांपुरतीच, म्हणून आश्रमशाळेत नाव घालावयाचे आणि पत्र्याची पेटी घेऊन निघावयाचे. दुसरी वाट न्यायासनाची. हातून काही आगळीक घडली, किंवा घडल्याचा संशय आला, म्हणून पोलिसांबरोबर निघावयाचे. पहिल्या वाटेने गेलेल्या मुलाचे घरात कौतुक होते; दुसऱ्या वाटेने गेलेल्याचे नाव घरातली माणसे हलक्या आवाजात घेतात. परंतु दोन्ही वाटा जेथे संपतात त्या ठिकाणांत साम्य पुष्कळ आहे. तीच घंटा, तीच ओळ, निजावयास तीच सामायिक जागा, मनास येईल तेव्हा ओलांडता न येणारे तेच दार, आणि आईबापांच्या जागी सरकार.

आईबापांच्या जागी जो उभा राहतो त्याने त्यांचे कर्तव्यही पत्करलेले असते, हे कोणीही मान्य करील. त्या कर्तव्यांत अन्नवस्त्राच्या खालोखाल शिक्षण येते. तेव्हा घरापासून दूर ठेवलेल्या मुलांना सरकारने काय शिकविले, कसे शिकविले आणि कोणत्या भाषेत शिकविले, हा प्रश्न केवळ शिक्षणखात्याचा किंवा तुरुंगखात्याचा नव्हे. तो देण्याघेण्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांतील कायदे एकापुढे एक मांडले म्हणजे या हिशेबात जमा किती व बाकी किती, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

प्रथम न्यायासनाच्या वाटेचा विचार करावयास हवा. 1860 च्या भारतीय दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानावयाचे नाही असे ठरविले. आणि सात ते बारा या वयातील मुलास आपल्या कृत्याचा परिणाम समजण्याइतकी जाण आली होती की नव्हती, हे पाहावयास सांगितले. बारा वर्षे पुरी झाली म्हणजे मात्र मुलगा आणि प्रौढ पुरुष यांत ती संहिता भेद करीत नसे. 1864 च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयी गुन्हेगारास तुरुंगाऐवजी छडीची शिक्षा देण्याची सोय केली. सराईत कैद्यांच्या संगतीत मूल बिघडण्यापेक्षा चार छड्या बऱ्या, असा त्यामागील विचार होता. तो विचार निर्दय वाटला तरी त्यात एक कबुली होती. तुरुंग ही मुलाची जागा नव्हे, हे सरकारला तेव्हाच कळून चुकले होते. दुसरी जागा कोणती, एवढे मात्र ठरत नव्हते. फटक्यांची शिक्षा या देशातून 1955 साली उठली.

दुसरी जागा शोधण्याचा प्रयत्न याहूनही जुना आहे. 1850 साली उमेदवारीचा कायदा झाला. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास हुन्नर शिकण्यासाठी कारागिराच्या हाताखाली सात वर्षांपर्यंत बांधून देण्याची तरतूद त्यात होती. आणि निराधार, भटक्या किंवा किरकोळ अपराध केलेल्या मुलाच्या बाबतीत पालकाची सही मॅजिस्ट्रेटने करावयाची होती. मुंबईत 'बॉम्बे टाइम्स' पत्राचे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी अशा मुलांसाठी उद्योगशाळा काढली. 1857 मध्ये, बगदादहून येऊन मुंबईकर झालेले धनिक व्यापारी डेव्हिड ससून यांच्या साहाय्याने तिला स्थैर्य आले, आणि ससून यांच्या नावानेच ती पुढे माहीमच्या बाजूस नांदू लागली.

मध्य हिंदुस्थानात जबलपूर येथे तर त्याच्याही आधी एक विलक्षण उद्योगशाळा सुरू झाली होती. स्लीमन यांनी ठगांचा बंदोबस्त केला तेव्हा माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचे व त्यांच्या कुटुंबांचे काय करावे, असा प्रश्न उपस्थित झाला. त्यांना मोकळे सोडण्याची सरकारची तयारी नव्हती. म्हणून 1837 च्या सुमारास त्यांच्यासाठी कारखानावजा शाळा निघाली, आणि रुमालाने गळा आवळणाऱ्यांचे हात तंबू शिवण्यास व गालिचे विणण्यास लागले. ठगांची मुलेही तेथेच वाढली व तेथेच शिकली. अपराध बापाचा, पण भिंत बापालेकांस एकच, ही या प्रकरणातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. पुढे तिचाच विस्तार एका मोठ्या कायद्यात झालेला आढळतो.

याच काळात युरोपात नवे वारे वाहत होते. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ मेत्रे येथे 1840 च्या सुमारास अपराधी मुलांसाठी शेतीवाडीची वसाहत उघडली होती. तेथे मुलांचे गट कुटुंबाप्रमाणे निरनिराळ्या घरांत राहत. इंग्लंडात 1854 साली रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर या विदुषी अग्रभागी होत्या. साठीच्या उंबरठ्यावर असताना, 1866 मध्ये, त्या हिंदुस्थानात आल्या आणि पुढील दहा वर्षांत आणखी तीन वेळा आल्या. स्त्रीशिक्षण, तुरुंग आणि अपराधी मुले हे त्यांच्या प्रवासाचे विषय होते. 1876 साली हिंदुस्थान सरकारने रिफॉर्मेटरी शाळांचा पहिला कायदा केला, आणि 1897 साली तो रद्द करून त्याच नावाचा दुसरा कायदा आणला. मुंबई इलाख्यात येरवड्यास आणि मध्यप्रांतात जबलपुरास अशा सरकारी शाळा होत्या.

1897 चा हा कायदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. पंधरा वर्षांखालील मुलास कैदेची शिक्षा झाली असता ती भोगावयास न लावता त्यास रिफॉर्मेटरी शाळेत पाठविण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशास दिला. मुदत तीन वर्षांहून कमी नाही व सात वर्षांहून अधिक नाही, आणि अठरा वर्षांपुढे कोणालाही ठेवावयाचे नाही. मुलींचा विचार त्यात नव्हताच. अशा शाळेत कोणत्या सोयी असल्याच पाहिजेत याची चार कलमी यादीही कायद्यातच दिली होती. पहिली, रात्री मुलांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची पुरेशी व्यवस्था. दुसरी, आरोग्य, पाणी, अन्न, वस्त्र व अंथरूण. तिसरी, उद्योगधंद्याचे शिक्षण देण्याची साधने. चौथी, आजारी मुलांसाठी दवाखाना. यादी येथे संपते. जिला कायद्यानेच 'शाळा' असे नाव दिले, त्या संस्थेत असल्याच पाहिजेत अशा गोष्टींत लिहिणे-वाचणे कोठेच नाही.

एखाद्या रिफॉर्मेटरीत मास्तर नव्हता किंवा पाटी-पेन्सिल नव्हती असा याचा अर्थ नव्हे. शिकविणारे होते, वर्गही भरत. पण असल्यास बरे आणि नसल्यास चालणार नाही, या दोन कोटींतला भेद कायद्याने स्वतःच्या लेखणीने केला होता. सुतारकाम दुसऱ्या कोटीत गेले, अक्षरओळख पहिल्या कोटीत राहिली.

येथे मुदतीचा विचार केला म्हणजे या भेदाचे गांभीर्य लक्षात येते. पितळेचा लोटा चोरणाऱ्या प्रौढ माणसास काही आठवड्यांची किंवा महिन्यांची कैद होई. त्याच अपराधासाठी रिफॉर्मेटरीत गेलेला बारा वर्षांचा मुलगा किमान तीन वर्षे घरास अंतरे. मुलाचा अपराध मोठा नव्हता, मग मुदत मोठी का? याला सरकारचे उत्तर तयार होते, आणि ते वरवर पाहता योग्यही होते. ही शिक्षा नव्हेच, हे शिक्षण आहे. आणि शिक्षणास वर्षे लागतात. ठीक आहे. पण मग ही जादा वर्षे मुलाने सरकारला उसनी दिली, असेच म्हणावे लागते. शिक्षणाच्या नावावर घेतलेल्या वर्षांची परतफेड शिक्षणानेच व्हावयास पाहिजे. ती झाली तर करार पुरा झाला. न झाली तर शाळेच्या नावाखाली मुलास प्रौढाहून कडक शिक्षा भोगावयास लावली, याखेरीज दुसरा अर्थ उरत नाही. पुढे झालेल्या प्रत्येक कायद्यास आणि आजच्या प्रत्येक संस्थेस हीच कसोटी लावता येते.

वऱ्हाडच्या मुलाच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक रकमेची भर पडते. वऱ्हाड हा नावाने निजामाचा, 1853 पासून कारभाराने इंग्रजांचा, आणि 1903 पासून मध्यप्रांताच्या जोडीला बांधलेला मुलूख. आजचा यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. मध्यप्रांताची रिफॉर्मेटरी जबलपुरास होती. 1928 मध्ये त्या प्रांतात मुलांचा कायदा व बॉर्स्टलचा कायदा असे दोन कायदे झाले. बॉर्स्टल हे इंग्लंडातील केंट परगण्यातल्या एका खेड्याचे नाव. तेथे 1902 साली तरुण कैद्यांना वेगळे ठेवून शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि त्या गावाचे नाव संस्थेच्या जातीलाच चिकटले. मध्यप्रांताची बॉर्स्टल संस्था नरसिंगपूर येथे निघाली. जबलपूर आणि नरसिंगपूर ही दोन्ही ठिकाणे सातपुड्यापलीकडे, हिंदी मुलखातली. वणी, दारव्हा किंवा पुसदकडील मुलगा तेथे जावयाचा तर त्याला आईबापांबरोबर आपली बोलीही मागे ठेवावी लागणार. तेथला मास्तर हिंदीत शिकविणार, मुकादम हिंदीत हुकूम सोडणार, आणि वऱ्हाडातून भेटीस जावयाचे तर गरीब बापाच्या मजुरीचे कित्येक दिवस गाडीभाड्यातच खर्ची पडणार. कायदा करणारांना प्रांत एक दिसतो. मुलाला मात्र तो एक नसतो.

1919-20 च्या तुरुंगसमितीने या सर्व व्यवस्थेचा नव्याने विचार केला. मुलांना सामान्य तुरुंगात धाडणे हे अनिष्ट आहे. त्यांच्यासाठी निराळी न्यायालये व चौकशी होईपर्यंत ठेवण्यासाठी निराळी घरे हवीत, असा तिचा अभिप्राय पडला. 1920 मध्ये मद्रास, 1922 मध्ये बंगाल आणि 1924 मध्ये मुंबई, असे प्रांतोप्रांती मुलांचे कायदे झाले. मुंबईच्या कायद्याचा अंमल शहरात 1927 साली सुरू झाला. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली आणि उमरखाडीला रिमांड होम सुरू झाले.

ही उमरखाडीची इमारत म्हणजे डोंगरीचा जुना तुरुंग. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात शिक्षा झालेले टिळक आणि आगरकर एकशेएक दिवस याच तुरुंगात होते. दोघेही त्या वेळी न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक. शाळा सुरू होऊन अवघी दोन वर्षे झालेली. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या दोन मास्तरांना ज्या भिंतींनी कोंडले, त्याच भिंतींच्या आत पुढे महाराष्ट्राची पोरे आली. जुन्या तुरुंगाला नवे नाव देणे सोपे होते. त्याच्या खोल्यांचे वर्ग करणे हे कष्टाचे, पैशाचे आणि चिकाटीचे काम होते, आणि ज्यांनी ते केले त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु रिमांड होमच्या स्वरूपातच एक अडचण होती, ती आजतागायत आहे. तेथे मूल येते ते चौकशीपुरते. आज आलेले पंधरा दिवसांनी जाते, दुसरे सहा महिने राहते. एकाच खोलीत नऊ वर्षांचा निरक्षर आणि पंधरा वर्षांचा आठवी शिकलेला शेजारी शेजारी बसतात. ज्याचा मुक्काम किती हे मास्तरास ठाऊक नाही, त्याला धडा कोठून सुरू करावयाचा? या अडचणीवर सोपे उत्तर एकच होते, आणि कायद्याने ते उचलले. 1960 चा केंद्राचा मुलांचा कायदा आणि 1986 चा देशव्यापी कायदा या दोहोंत, बालगृहांत शिक्षणाची सोय असावी असे म्हटले. पण चौकशीच्या काळातील निरीक्षणगृहाकडून निवारा, निर्वाह, वैद्यकीय तपासणी आणि 'उपयुक्त उद्योग' एवढ्याचीच अपेक्षा ठेवली. जेथे मुलाची शाळा नुकतीच तुटलेली असते, म्हणजे जेथे ती सांधण्याची खरी गरज असते, नेमका तेथेच शिक्षणाचा उल्लेख गळला.

न्यायासनाच्या वाटेने गेलेल्या मुलाने निदान काही केले असल्याचा आरोप तरी असे. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यास आरोपाचीही आवश्यकता नव्हती. जन्म हाच पुरावा. हा कायदा 1911 मध्ये देशभर लागू होईल असा केला गेला आणि 1924 मध्ये पुन्हा एकत्रित झाला. त्याच्या सतराव्या कलमाने प्रांतिक सरकारला असा अधिकार दिला की, अशा जमातींच्या मुलांसाठी औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणेच्या शाळा काढाव्यात आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून तेथे ठेवावे. मूल म्हणजे सहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील कोणीही. जबलपूरच्या ठगांच्या मुलांसाठी एका गावी जे झाले होते, त्याचा हा राष्ट्रव्यापी कायदा. यवतमाळ जिल्ह्यात फासेपारध्यांची वस्ती पूर्वापार आहे. हरणे, तितर, लावे फाशात धरणारी ही जमात. तिच्या माथी हा शिक्का बसला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. हजेरी, परवाना आणि गिरणीतली मजुरी असा तेथला दिनक्रम ठरला. मुलांसाठी शाळा होती. पण ती कुंपणाच्या आत होती. शाळेत जाणे म्हणजे सरकारच्या हाती सापडणे, हा धडा पालावरच्या लोकांनी त्या काळी घेतला. पारध्याचे पोर शाळेत का टिकत नाही, असा प्रश्न विचारणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावयास हवा. मुंबई प्रांतात हा कायदा 1949 मध्ये रद्द झाला. देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

उद्योगातून शिक्षण ही कल्पनाच मुळात चुकीची होती काय? मुळीच नाही. यवतमाळची हद्द जेथे संपते, तेथे वर्धा नदीच्या पलीकडे, 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि गांधीजींनी नयी तालीमची योजना मांडली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिला रूप दिले. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या भोवती गुंफलेले. आता येरवड्याचा मुलगाही करवत धरीत होता आणि सेवाग्रामचा मुलगाही तकली फिरवीत होता. फरक कोठे? सेवाग्रामचा मुलगा सूत मोजताना गणित शिकत होता, कापूस कोठून आला हे विचारताना भूगोल शिकत होता, आणि दिवसाचे काम वहीत लिहिताना भाषा शिकत होता. तेथे उद्योग हे ज्ञानाचे द्वार होते. रिफॉर्मेटरीत उद्योग हा ज्ञानाचा बदली कामगार होता. नयी तालीम मुलांना लहानपणीच मजूर करील अशी शंका त्या काळीही घेतली गेली, आणि ती निराधार नव्हती. योजना राबविणाऱ्याच्या हातून वही गळाली की उरतो तो कारखानाच. हाताला काम द्यावे की डोक्याला, हा वाद म्हणूनच निष्फळ आहे. कामाबरोबर वही आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

स्वातंत्र्यानंतर वसतिशाळेची वाट रुंद झाली. ठक्करबाप्पांनी 1922 पासून पंचमहालच्या भिल्ल मुलुखात आश्रमशाळेचा जो नमुना घालून दिला होता, तो महाराष्ट्राने उचलला. 1956 मध्ये यवतमाळ मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्रात. आणि 1972-73 पासून आदिवासी भागात सरकारने आश्रमशाळांचे जाळे पद्धतशीर विणण्यास सुरुवात केली. यवतमाळ जिल्ह्यात या कामाची दोन प्रकल्प कार्यालये झाली, पांढरकवडा व पुसद. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या मुलांसाठीही निराळ्या आश्रमशाळा निघाल्या. कालपर्यंत ज्यांना कुंपणात शाळा दाखविली जाई, त्यांना आता शाळेसाठी बोलाविले जाऊ लागले, हा बदल सामान्य नव्हे. शिक्षणाने काय होते याचे उदाहरण याच जिल्ह्याच्या डोळ्यांसमोर होते. पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर 1913 साली जन्मलेले वसंतराव नाईक नागपुरास शिकून वकील झाले, आणि 1963 ते 1975 या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणल्या जाणाऱ्या बंजारा समाजातले ते होते.

परंतु सातपुड्यापलीकडच्या हिंदी वर्गात बसणाऱ्या वऱ्हाडी मुलाची अडचण आश्रमशाळेत दुसऱ्या रूपाने उभी राहिली. आता वर्ग मराठी झाला. पण कोलाम मुलाची घरची भाषा कोलामी, गोंड मुलाची गोंडी. या दोन्ही द्राविड कुळातल्या. मराठीशी त्यांचे गोत्र जुळत नाही. गोंडीत पाण्यास 'येर' म्हणतात. बंजारा मुलाच्या गोरमाटीत आईला 'याडी' म्हणतात. सहा वर्षांचे मूल घरापासून कोसो दूर, रात्री रडते ते एका भाषेत आणि सकाळी पाठ म्हणते ते दुसऱ्या भाषेत. रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या मुलास दोन भाषांची ये-जा साधते. वसतिशाळेतल्या मुलास ती साधत नाही, कारण त्याची संध्याकाळही शाळेतच होते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी कराव्यात, असे राज्यघटनेच्या 350-अ या अनुच्छेदात 1956 मध्येच घातले गेले आहे. कोलामांची गणना महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींत होते. ज्या मुलांच्या बाबतीत या अनुच्छेदाची सर्वांत अधिक गरज, त्यांच्यापर्यंत तो सर्वांत उशिरा पोहोचावा, हे नवल नव्हे, पण भूषणही नव्हे.

न्यायासनाच्या वाटेकडे पुन्हा वळले तर 1986 हे वर्ष महत्त्वाचे ठरते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशातील तुरुंगांत असलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला, आणि मुलांची जागा तुरुंगात नाही हे न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्याच वर्षी देशभरासाठी एकच बालन्याय कायदा झाला. तो 2000 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये बदलला. 2015 चा कायदा 2016 च्या जानेवारीत अंमलात आला. त्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले. विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या प्रकरणाचा विचार जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडे दिला. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला. आणि विशेष गृहात ठेवण्याची मर्यादा सर्वसाधारणतः तीन वर्षांपर्यंत आणली. 1897 साली जी किमान मुदत होती ती आता कमाल झाली, हा सव्वाशे वर्षांतला मोठाच पालट होय.

संस्थेत कोणत्या सोयी असाव्यात याची यादी याही कायद्यात आहे. अन्न, निवारा, वस्त्र व औषधोपचार प्रथम. मग अपंग बालकांना लागणारी साधने. आणि तिसऱ्याच जागी शिक्षण, त्यातही मागे पडलेल्यांसाठी पूरक शिक्षण आणि ज्यांना गरज त्यांना विशेष शिक्षण. हुन्नर त्याच्या खालोखाल. 1897 च्या यादीत ज्याला स्थान नव्हते, त्याला 2015 च्या यादीत हुन्नराच्या वरचे स्थान मिळाले. दरम्यान 2002 च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि 2010 पासून त्याचा कायदा चालू झाला. हा हक्क भिंतीपाशी थांबत नाही.

शाळेचे आणि न्यायाचे नाते आणखी एका ठिकाणी प्रकट होते, आणि ते सर्वांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. आरोपी बालक आहे की नाही, हे ठरविण्यासाठी आजच्या कायद्यात पुराव्यांचा क्रम सांगितला आहे. पहिला पुरावा शाळेतील जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे ज्या मुलाचे नाव कधी कोणत्याही हजेरीपटावर चढले नाही, त्याचे बालपण सिद्ध करण्यासाठी त्याच्या हाडांस साक्षीला बोलवावे लागते. पालावर जन्मलेल्या आणि गावोगाव फिरणाऱ्या मुलाजवळ कागद नसतो. ज्याला शाळेने आधी वगळले, त्याला बालक म्हणून मिळणारे संरक्षणही अवघड होऊन बसते. हजेरीपटावरचे एक नाव केवढ्या कामाचे असते, हे घरोघरच्या आईबापांना सहसा ठाऊक नसते, कारण त्यांच्या मुलांवर ती वेळ येत नाही.

कायदा सुधारला म्हणजे बाकी आपोआप फिटली, असे मात्र समजू नये. निरीक्षणगृहात मूल आले की किती दिवसांत त्याच्या हाती पुस्तक पडते. ते पुस्तक त्याच्या इयत्तेचे असते की कपाटात सापडले म्हणून दिलेले असते. त्याच्या जुन्या शाळेने त्याचे नाव कमी केले की राखून ठेवले. मास्तरांना त्याच्या घरच्या भाषेतले दहा शब्द तरी येतात काय. या प्रश्नांची उत्तरे कलमांत सापडत नाहीत. आज ना उद्या जाणाऱ्या मुलांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम उपयोगाचा नाही. त्याचे छोटे, एकेकट्याने पुरे करता येतील असे भाग पाडावे लागतात, आणि पुरे झालेल्या भागाची नोंद मुलाबरोबर पुढच्या ठिकाणी जावी लागते. 1989 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमुळे शाळेच्या बाहेर राहूनही परीक्षा देण्याचा मार्ग आता मोकळा आहे. मार्ग आहे म्हणून मूल त्यावरून चालेलच असे नाही. कोणीतरी अर्ज भरावयास हवा, कोणीतरी बसून उजळणी घ्यावयास हवी.

शेवटी प्रश्न येतो दाखल्याचा. मूल संस्थेतून बाहेर पडते तेव्हा त्याच्या हाती जो कागद असतो, त्यावर संस्थेचे नाव असेल तर तो कागद शिक्षणाचा न राहता कलंकाचा होतो. बालकाची ओळख कोणी उघड करू नये आणि झाले गेले त्याच्या पुढील आयुष्याच्या आड येऊ नये, असे कायदा सांगतो. तेव्हा त्याचा दाखला इतर चार मुलांच्या दाखल्यासारखाच दिसला पाहिजे, हे त्यातूनच निघते. परीक्षा सर्वांची तीच, प्रमाणपत्र तेच, त्यावर भिंतीची खूण नाही. ज्या मुलाची वर्षे शिक्षणाचे नाव सांगून घेतली, त्याला त्या वर्षांची पावती एवढीच देता येते. ती त्याच्या हाती पडली की नाही, हे पाहण्याचे काम मंडळाचे, अधीक्षकांचे आणि मास्तरांचे तर आहेच. पण यवतमाळच्या बाजारपेठेत दुकानासाठी हुशार पोऱ्या शोधणाऱ्या व्यापाऱ्याचे, आणि आपल्या शाळेत त्या मुलास पुन्हा बाकावर जागा देणाऱ्या मुख्याध्यापकांचेही ते तितकेच आहे.